कट

रविवार, ९ मार्च

ती. दाजींना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे दोन शब्द आजवर सवयीने लिहीत आलो. आज ते लिहिले, पेन खाली ठेवलं आणि चहा करून आलो. आता पुढचं लिहितो.

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो, पण जिने चढायचं काही ती सोडत नाही. "लिफ्टमध्ये जीव गुदमरतो" म्हणते आणि संध्याकाळी मला तेल चोळायला लावते. मला एका दवाखान्याच्या फरशीचं काम मिळालंय. लांबच लांब व्हरांडा, पांढऱ्या टाइल, सुरुवातीला रेघ जरा हलली की टोकाला बोंब. तुमच्यासारखी दोरी लावूनच बसवतो. नव्या ठेकेदाराने विचारलं, "हात चांगला बसलाय, कुणाकडे शिकलास?" मी म्हणालो, "असंच, बघून बघून." हे सांगणार नव्हतो, पण लिहिलं गेलं, तर राहू दे.

हा ठेकेदार मला कर खात्यातल्या नोंदणीशिवाय कामावर घेईना. म्हणाला, "तू माझा नोकर नाहीस, स्वतंत्र कारागीर आहेस. तुझ्या बिलातून कर कापून मला सरकारात भरावा लागतो. नोंदणी नसली की जास्त कापावा लागतो. मग तूच माझ्या नावाने खडे फोडशील."

दाजी, मी तुमच्याकडे कामाला लागलो तेव्हा माझ्या बिलातून कापायच्या पैशांबद्दल तुम्ही हेच पहिल्या दिवशी सांगितलं होतंत. "हा कट सरकारचा," एवढंच, कारण तुम्ही बोलता मोजकं. पण साइटवर मजूर पुरवणारा दलालही आपल्या दलालीला कटच म्हणतो. मी तुमचा कट त्याच्याच माळेत ओवला. वर आपल्या भाषेत कट म्हणजे कारस्थान! नको ते दोन्ही अर्थ मी धरले आणि खरा तेवढा सोडला.

शेवटी कराचे कागद भरून देणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी नोंदणी केली, मागचं सगळं काढलं आणि म्हणाल्या, "तुमचा आधीचा ठेकेदार फार काटेकोर दिसतो. दर महिन्याला तुमच्या नावावर भरलंय." अवजारांचा, गाडीभाड्याचा खर्च वजा करून जास्तीचा कर मला परत मिळाला. बँकेत पैसे दिसले तेव्हा आधी वाटलं, बँकेचंच चुकलं. दोन दिवस गप्प बसलो, कुणी मागायला येऊ नये म्हणून! अशा माणसाने तुम्हाला चोर म्हणावं.

म्हटलंच होतं ना मी. शाळेच्या साइटवर, सगळे डबे उघडून बसलेले असताना. "परके ठेकेदार लुटतात ते परके म्हणून, इथे तर बहिणीचा नवराच कट खातो." प्लंबर हसला, पेंटरने मान खाली घातली. तुम्ही थापी पुसत होतात. तुम्ही एवढंच विचारलंत, "नोंदणी केलीयस ना तू?" आणि मी ओरडून सांगितलं, "केलीय!"

केली नव्हती. तुम्ही दर वेळी विचारायचात आणि मी दर वेळी हो म्हणायचो. त्या फॉर्ममधलं मला काही कळत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती. टाइल बसली की तुम्ही थापीच्या मुठीने ठोकून बघता, पोकळ वाजली की काढायला लावता. माझं ते "केलीय" तुम्हाला पोकळ वाजलंच असणार. जास्त कापावं लागतंय ते तुम्हाला माहीतच होतं. एक वाक्य बोलला असतात तर सगळे मला हसले असते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि उठून हात धुवायला गेलात.

मग माझं खरं मानून प्लंबर गेला, पेंटर गेला, शाळेचं काम अडलं आणि ठेका तुमच्या हातून गेला. आता तुम्ही दुसऱ्याकडे रोजावर फरशी बसवता, असं ऐकलं. ताई आमचा फोन उचलत नाही. उचलेल कशी? मी घरी येऊन रडगाणं गायलो आणि आईने तिला सुनावलं, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, माझ्या लेकराच्या तोंडचा घास काढून घर भरू नको."

इथवर लिहिणं त्यातल्या त्यात सोपं होतं. पुढचं मागच्या आठवड्यातलं आहे. पैसे आल्याचं कळल्यावर आई म्हणाली, "बघ, पचलं नाही शेवटी. परत केले ना जावयाने?" मी नुसती होकारार्थी मान हलवली. ती खूश होऊन दोनदा वाढायला आली आणि मी जेवलो, दाजी. पोटभर जेवलो. त्या जेवणाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आज सकाळी तिला समोर बसवून हे पत्र इथपर्यंत वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, "मी त्यांना काय काय बोलले रे." बराच वेळ गुडघा चोळत बसली. मी म्हटलं, "पत्र टाकून येतो." तर उसळली. "चोर सगळ्यांसमोर म्हणालास आणि माफी पाकिटात घालून पाठवतोस? तिथे जा. आणि मीही येणार. लेकीने दार उघडलं तर उघडलं."

येत्या शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तुमच्या साइटवर येतो. प्लंबर आणि पेंटर दोघांनाही बोलावलंय. कशासाठी ते सांगितलेलं नाही, नाहीतर यायचे नाहीत. आई तिथूनच ताईकडे जाईल. मला पुन्हा कामावर घ्या असं म्हणायला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

एकच करा. मला बघून हात धुवायला उठू नका. सगळ्यांचे डबे उघडले की तोच प्रश्न पुन्हा विचारा, त्या दिवशी विचारलात तसाच. या वेळी मी खरं उत्तर देईन.

आपला,
तेव्हा नोंदणी न केलेला
मेहुणा