रांगोळी कोण काढणार?

बाई, गेल्या सोमवारी मी आपल्या शाळेची मुख्याध्यापिका झाले. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. सातवीत तुम्ही मला गणित शिकवलंत आणि पुढं मी तिथंच नोकरीला लागले, तेव्हा स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी धरून ठेवलीत.

सेवाज्येष्ठतेनं तुमचा नंबर लागला होता, तो दिवस आठवतो. संस्थेचे सचिव येऊन म्हणाले, "बाई, लई ताप असतो त्या खुर्चीला. नको म्हणून लिहून द्या, तुमच्या खालच्या सरांना करू." मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तुम्ही लिहून दिलंत. मी चिडलेली, आणि तुम्ही माझ्या डब्यात धपाटं टाकत म्हणता, "अगं, मी खुर्चीत बसले तर पाहुणे आल्यावर रांगोळी कोण काढणार?" आपण दोघी हसलो. मग वेळापत्रकापासून निकालापर्यंत सगळं तुम्ही केलंत, सह्या सरांनी केल्या. निवृत्तीला स्वतःच्या निरोपाची रांगोळीही तुम्हीच काढलीत. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

या वेळी सचिवांनी माझ्याकडंही तसंच लिहून मागितलं. "मॅडम, मुकुंदवाडीहून येणं-जाणं, घरी सासूबाई. कशाला नाहक?" मी म्हटलं, "सासूबाईंनीच घे म्हटलंय." साफ खोटं. संध्याकाळी घरी कबूल केलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मग आता म्हणते की. घे!"

परवा शिक्षणाधिकारी आले. रांगोळीचं काम मी मुद्दाम क्रीडाशिक्षकांना दिलं होतं. पण सवय बघा, औक्षणाचं ताट घेऊन मी स्वतःच दारातल्या बायकांच्या रांगेत उभी! साहेब इकडंतिकडं बघतायत, "मुख्याध्यापक कुठंयत?" क्रीडाशिक्षकांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "मॅडम, तुम्ही पुढं व्हा, दिवा विझंल. मी ओवाळतो." आणि गळ्यात शिट्टी तशीच ठेवून त्यांनी ओवाळलं. साहेबांसकट सगळे हसले. मी पुढं झाले.

रांगोळी म्हणाल तर मैदान आखायच्या फक्कीनं काढलेली. सरळ रेघा, मोठाले चौकोन, कबड्डीच खेळावी. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. साहेबांची गाडी गेल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून, मी त्या चौकोनाच्या कोपऱ्यात एक कुयरी काढली. तुमच्यासारखी. राहवलं नाही, बाई.