पंचाचा बांध शेवटी

मोठीखार, ता. अलिबाग
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

काळूराम,

तुला, घरातल्या सगळ्यांना आणि दारातल्या ट्रेलरनाही तुझ्या बायचा आशीर्वाद.

पाकिटात राखी आहे. ती आधी काढून बाजूला ठेव, मग पत्र वाच. तुझा राग मला माहीत आहे, कागदाबरोबर राखीही फाडशील. पत्र कशाला, म्हणशील. अरे, फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं की न वाचताच अंगठा पाठवून मोकळा होतोस.

इकडे सगळं बरं आहे. माझ्या पूनमच्या लेकीचं बारसं रविवारी नागावला झोकात झालं. नाव आरोही ठेवलं. तुझी वाट पाहिली. सोसायटीच्या सभेच्या गडबडीत असशील, म्हणून कोणी काही बोललं नाही. मी थोडं बोलले.

तू परवा फोनवर विचारलंस ना, "बाय, तुमचा जोळ इतकी वर्षं कसा टिकला? आणि आमची वाहतूक सोसायटी डोळ्यांदेखत का मोडते?" मी तेव्हा हसण्यावारी नेलं. मग तूच उत्तर दिलंस, की हल्लीची पोरं बेइमान, कंपनीचा साहेब लबाड, फुटून गेलेले सगळे विकले गेलेले. एक माणूस सोडून सगळ्यांची नावं घेतलीस.

आमच्या जोळात काय आहे रे? ना ऑफिस, ना बोर्ड. खाडीचा बांध फुटला, म्हणजे आम्ही म्हणतो तशी खांड गेली, की घरटी एक माणूस टोपलं-फावडं घेऊन चिखलात उतरतो. पलीकडच्या खारीतही असाच जोळ होता. तिथल्या पंचाने आधी स्वतःच्या शेताकडचा बांध भरून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी निम्मी माणसं आली, तिसऱ्या वर्षी तो एकटाच बांधावर उभा राहून शिव्या घालत होता. आज तिथे भात नाही, नुसती तिवरं आहेत.

आता रविवारचं सांगते. फोनवर सांगितलं नाही, कारण सांगताना आवाज नीट राहिला नसता.

बारसं नेमकं उधाणात आलं. सगळे म्हणाले, उधाणात पंच गाव सोडत नाही, तुम्ही जाऊ नका. मी म्हटलं, "मी उद्या मेले तर उधाण थांबणार हाय का?" मी मुद्दाम गेले. क्रांतीला म्हटलं, आजचा दिवस तू पंच. क्रांती म्हणजे आमच्या शेजारची सून, तिशीची पोर, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. फोन बंद करून मी पाळणा म्हणत बसले.

भर दुपारच्या भरतीला दोन ठिकाणी खांड गेली. एक म्हाताऱ्या धर्माजीच्या शेताकडे, दुसरी माझ्या. माणसं एकाच खांडीला पुरतील एवढीच. क्रांतीने सगळ्यांना धर्माजीकडे नेलं. ती खांड बुजली आणि मग ते माझ्याकडे आले. आतल्या बांधांनी बाकीच्यांची शेतं वाचली, पण माझ्यात खारं पाणी भरलं. लावणी नुकतीच झाली होती रे. आता दोन-तीन वर्षं तिथे भात धरणार नाही.

संध्याकाळी मी बारशाच्या साडीतच बांधावर गेले. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं या लोकांसाठी मरमर मेले, आणि माझंच शेत बुडवलं? क्रांतीला नाही नाही ते बोलले. ती डोक्यापासून पायापर्यंत चिखलात, हातात फावडं तसंच. म्हणाली, "काकू, पंचाचा बांध शेवटी. कायदा तुमचाच हाय. मी मोडला असता तर चाललं असतं का तुम्हाला?"

धर्माजी बांधावर बसला होता. म्हणाला, "सोनूबाय, पोरीला बोलू नको. आज तुझं आधी वाचवलं असतं, तर पुढच्या उधाणाला माझा पोरगा टोपलं घेऊन आला नसता. मीच पाठवला नसता."

मला रडू आलं. शेताचं आलंच, खोटं कशाला बोलू? पण दुसरंही एक होतं. मी नसताना माझा कायदा पाळला गेला होता, आणि तोही माझ्याच विरुद्ध. तिथेच सगळ्यांसमोर क्रांतीला म्हटलं, "आजचा दिवस न्हाय, आता पुढे तूच." ती म्हणाली, "मग आता माझा बांध शेवटी." मी म्हटलं, "व्हय. आणि माझा आता रांगेत." सगळे हसले. मीही हसले.

काळूराम, हा कायदा मी सासरी शिकले नाही. माहेरून आणला. आपल्या बाबांनी मिठागरातल्या चार माणसांना धरून सोसायटी काढली, तेव्हा चेअरमनची गाडी माल भरायला शेवटच्या नंबरला लागायची. कितीदा तर दिवसभर उभी राहून रिकामी घरी यायची, आणि आई चुलीपुढे बडबडायची. आठवतं ना? आणि आज चेअरमन तू, तुझे ट्रेलर कितव्या नंबरला लागतात? मी लिहीत नाही. तुला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.

तू म्हणतोस, सभेला ये, बाबांची मुलगी म्हणून माझ्या बाजूने दोन शब्द बोल, लोक तुझं ऐकतील. ऐकतील, हे खरं. म्हणूनच राखी पोस्टाने पाठवते आहे. राखीपौर्णिमेच्या शनिवारी येऊन तुला ओवाळलं असतं, तुझं गोडधोड खाल्लं असतं, तर दुसऱ्या दिवशी रविवारच्या सभेत माझ्या तोंडून दुसरं काही निघालं नसतं.

मी सभेला येणार. बोलणार. पण चेअरमन म्हणून रुचिताचं नाव घेणार. दचकू नकोस. तुझी लेक उभी राहणार आहे, आणि तिला उभं राहा म्हणून मीच सांगितलं. ती महिनाभर तुला सांगायला घाबरते आहे, म्हणून मी सांगते. मी तिला एकच विचारलं, "निवडून आलीस तर तुझ्या बापाचे ट्रेलर कितव्या नंबरला?" पोरीने क्षणभरही वेळ घेतला नाही. म्हणाली, "शेवटच्या." अगदी बाबांसारखी मान हलवून म्हणाली रे. फुटून गेलेले हे एक वाक्य ऐकून परत येतील. बघ तू.

तुला वाईट वाटेल. वाटू दे. मलाही बांधावर वाटलं होतं, आणि त्या रात्री मी अनेक वर्षांनी भरतीची वेळ न बघता झोपले.

माझं बोलून झालं की मी व्यासपीठावर थांबणार नाही, मागच्या रांगेत येईन. तू तिथे बस. हातात राखी असली तर तुझ्या शेजारी बसेन, नसली तरी तिथेच बसेन. माझ्यासाठी जागा धरून ठेव.

तुझ्याच बाजूची,
सोनूबाय