धाकट्या रादेनित्सची पेटी

धाकटं रादेनित्स,
२ सप्टेंबर

चि. फेवेन हिस मामाचे अ. आ.

तुझ्या आईचा फोन आला होता. कासेलच्या इस्पितळात तुला रात्रपाळ्या फार, जेवणाकडे लक्ष नाही, असं म्हणाली. म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसती हो हो करतेस. कागदाला हो म्हणून भागत नाही.

डॉक्टर लेनर्ट वारल्यापासून आमचा दवाखाना बंद आहे. साध्या खोकल्यासाठी लोक बसने तालुक्याला जातात. आरोग्य मंडळाने आता शेवटचं बजावलंय की महिनाअखेर कुणी डॉक्टर तयार झाला नाही, तर आमची जागाच कायमची रद्द. तुझा अर्ज तिथे पडून आहे, सही तेवढी बाकी. गाव मला रस्त्यात अडवून विचारतं, येणार का तुझी भाची?

परवा टिलोनेही विचारलं. टिलो म्हणजे आमचा रंगारी, आणि 'मायभूमी' पक्षाचा इथला म्होरक्या. ज्यांचे आजोबा इथल्या मातीत नाहीत त्यांनी आपापल्या देशी जावं, असे फलक स्वतः रंगवून खांबाखांबावर चढवतो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, माझ्या भाचीचे एक आजोबा इथल्या दफनभूमीत आहेत आणि दुसरे तिकडे आफ्रिकेत, अस्मारात; मग तिने अर्धंच जायचं का? तर डोकं खाजवून म्हणतो, तिचं वेगळं आहे रे हार्टविग, ती आपली. आणि लगेच गुडघा दाखवायला लागला, कधीपासून दुखतोय म्हणून!

निवडणूक यंदा अटीतटीची आहे. जुन्या पक्षाच्या शाळाबाई आणि मायभूमीचा उमेदवार यांच्यात सूतभर अंतर आहे म्हणतात. पण आपल्या गावाची तू काळजी करू नकोस. सरकारी शेती बुडाली तेव्हा एक जुना ब्रश आणि उसनी शिडी घेऊन मी धुराडी झाडायला लागलो. आज गाडी आहे, दोन गडी आहेत. इतकी वर्षं छपरावर बसून मी काय ऐकलं नसेल? धुरासोबत स्वयंपाकघरातलं बोलणंही वर येतं. कुठलं घर मतपत्रिकेवर कुठे फुली मारणार हे मी डोळे मिटून सांगतो. मायभूमीला इथे पंधरा मतं पडली तर पुष्कळ.

उत्तर पाठव. आशीर्वाद आहेतच, तेवढं जेवून घे.

तुझा,
हार्टविगमामा

कासेल,
९ सप्टेंबर

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जेवते आहे. आईला सांग, म्हणजे ती मला विचारणार नाही.

मी 'वेगळी' आहे हे वाचून हसले, आणि मग हसू कुठे गेलं ते कळलं नाही. तुला एक सांगितलं नव्हतं. ईस्टरला तुझ्याकडे आलो होतो तेव्हा आई आणि मी नदीच्या बांधावर फिरत होतो. एक गाडी मागून हळू आली. आतल्या दोघांनी हाताचं विमान करून दाखवलं आणि टाटा केलं. शिवी नाही, काही नाही. छान हसत होते. आई म्हणाली, ओळखीचे असतील. मामा, तेच वाईट झालं. त्यानंतर त्या दोन दिवसांत तुझ्या गावात जो भेटला, ज्याने केक दिला, ज्याने हात हलवला, त्याच्याकडे बघून माझ्या मनात एकच: हा त्यातला असेल का?

असं मनात ठेवून मला कुणाची छाती तपासता येणार नाही. म्हणून माझी अट ऐक. मतदारसंघाचं काय व्हायचं ते होवो. मला तुझ्या गावाचा आकडा हवा. तुझा अंदाज नको. मी गुरांची डॉक्टर होणार असाही तुझा अंदाज होता. तूच मतदान केंद्राचा प्रमुख आहेस, तर मोजलेला आकडा दुसऱ्या दिवशी मला कळव. पंधरा किंवा कमी असले तर मी सही करते. जास्त असले तर मला पुन्हा विचारू नकोस, आणि रागावूही नकोस.

टिलोला म्हणावं, गुडघा शेक आणि शिडी चढू नकोस. त्याच्या फलकांसाठी सांगत नाही, खरंच सांगते आहे.

माया आहे ती तशीच राहो, एवढंच मागते.

तुझी,
फेवेन

धाकटं रादेनित्स,
२३ सप्टेंबर

चि. फेवेन हिस अ. आ.

आकडा नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू पत्र उलटंपालटं करून शोधत बसणार नाहीस. मी लपवत नाही. तो आकडा आता जगात कुणालाच सांगता येणार नाही. कसं ते नीट वाच. कालपासून माझंच मन ठिकाणावर नाही.

आगीच्या बंबाच्या शेडमध्ये आमचं केंद्र. टेबलामागे आम्ही पाच जण, त्यात टिलोही होता. गावातल्या बऱ्याच जणांनी आधीच टपालाने मत दिलेलं, त्यामुळे गर्दी अशी नव्हतीच. नियम असा आहे की पेटीत पन्नासपेक्षा कमी मतं पडली तर ती तिथे उघडायचीच नाही. इतक्या थोड्या लोकांत कुणी काय केलं हे लगेच ओळखता येईल ना! मग पेटी तशीच बंद शेजारच्या गावी न्यायची आणि तिथल्या मतांत मिसळून मोजायची.

संध्याकाळ झाली आणि आम्हाला दोन मतं कमी पडली. यायचं कोण राहिलं होतं? एडेलट्राउट आणि कुनो, गल्लीच्या टोकाचं म्हातारं जोडपं. कुनोला बर्लिनची भिंत पडायच्या आधीचेच दिवस बरे वाटतात, आणि एडेलट्राउटच्या कुंपणावर टिलोचा फलक. मी दोघांनाही मायभूमीच्या खात्यात धरलेलं. तरीही तुझ्यासाठी मी मनात धावा करत होतो, या बाई, या, हवं तिथे फुली मारा, पण या. टिलोलाही आकडा हवाच होता, गावभर मिरवायला. तो सारखा दारात जाऊन मान लांब करून बघायचा. इतक्या वर्षांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका माणसाची वाट बघत होतो.

सहा वाजले. दार लावलं. थोड्या वेळाने हे दोघं टोपली भरून अळंबी घेऊन डुलत डुलत आले. जंगलात इतकी सापडली की वेळेचं भानच राहिलं नाही, असं कुनो म्हणाला. टिलो असा भडकला! अळंब्यांपायी आमदारकी घालवाल, म्हणाला. कुनोने त्याला शांतपणे वास घ्यायला टोपली पुढे केली.

मग मी आणि टिलो पेटी घेऊन माझ्या गाडीतून थोरल्या रादेनित्सला गेलो. वळणावर पेटी घसरायची, तर त्याने ती मांडीवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी.

तिथल्या शेडमध्ये लांबलचक टेबल. भिंतीला लागून लोक उभे होते. मोजणी बघायला कुणीही यावं, कुणाला मनाई नाही. दोन्हीकडचे होते. सकाळी एकमेकांची पत्रकं फाडणारेही होते. पण टोप्या काढलेल्या, आणि आवाज म्हणून नाही. तिथल्या प्रमुख बाई पाव भाजतात. त्यांनी आधी आमच्या पेटीतली मतं टेबलावर ओतली, मग स्वतःच्या गावाची त्यावर ओतली, बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून तो ढीग खालीवर केला, कणीक मळतात तसा. मी एका कागदावर नजर धरून ठेवली होती, आपल्यातला म्हणून. दोन वेळा हात फिरले आणि तो गेला. शेजारी टिलोही तसाच टक लावून बघत होता. हळूच म्हणाला, गेली रे आपली.

फेवेन, मी आयुष्यात कधी चर्चमध्येही असा उभा राहिलो नसेन. मी तो ढीग बघत राहिलो. त्यात शिव्या होत्या, भीती होती, तुला हाकलून द्या म्हणणारं होतं आणि तुला ठेवून घ्या म्हणणारंही होतं, आणि कशाला म्हणून कुणाचं नाव नव्हतं. त्या बाईंनी एकेक कागद उघडला, उंच धरून दाखवला, मोठ्याने वाचला. दोन गठ्ठे बरोबरीने चढत गेले. कुणी जागेवरून हललं नाही.

निकाल तू ऐकला असशील. शाळाबाई तेवीस मतांनी आल्या. साऱ्या मतदारसंघात तेवीस! आपल्या एकट्या पेटीत त्याच्या दुपटीहून जास्त कागद होते.

आज सकाळी एडेलट्राउटचं धुराडं होतं. मी वर चढलेला आणि खाली फाटकाशी टिलो आला तिच्यावर ओरडायला. तुम्ही घरीच जेवणाचं बघत बसा, दोन मतं बुडवलीत माझी, असं काय काय. ती पायरीवर बसून अळंबी साफ करत होती. सुरी न थांबवता म्हणाली, तुझी? तुला कुणी सांगितलं मी तुझ्या पक्षासमोर फुली मारणार होते? फलक तू लावलास, वाऱ्याला आडोसा होतो म्हणून मी काढला नाही.

मी ब्रश सोडला तो सरळ खाली गेला. त्या घराचं बोलणं इतकी वर्षं वरून ऐकतोय मी! आता सगळ्या छपरांवरून गाव बघतो तर वाटतं, यातलं एकही घर मला ठाऊक नाही. टिलोचंही तेच झालंय. दुकानात सगळे एकमेकांशी इतके जपून, इतक्या अदबीने बोलताहेत की जणू कुणी पाहुणेच आलेत.

तुझी अट मला पाळता आली नाही. पंधरा की पंचवीस, मी शपथेवरही सांगू शकत नाही. आता तू ठरवशील ते. रागावणार नाही.

मामाचा जीव आहे तुझ्यावर, हे न मोजताच धर.

हार्टविगमामा

कासेल,
२८ सप्टेंबर

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला. वाटलं, आकडा वाईट आला असेल आणि या माणसाने गोष्ट रचली. मग कणीक मळणाऱ्या बाई आठवल्या आणि म्हटलं, हे काही तुला रचता येणार नाही.

चार दिवस ते टेबल डोळ्यांसमोर आहे. वॉर्डात काम करताना मी थांबून उभी राहते, आणि नर्स विचारते, डॉक्टर, काय झालं? मला काय वाटतं ते सांगू? मला आकडा मिळाला असता तर मी टिकलेच नसते. चाळीस असते तर आलेच नसते. सात असते तर आले असते, आणि जन्मभर ते सात जण शोधत बसले असते, प्रत्येकाचा हात हातात घेऊन. तू पेटी उघडून आकडा कळवला असतास तर माझ्याच अटीने माझा घात केला असता.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. ती गाडी कुणाची होती हे मला अजून माहीत नाही. जवळजवळ अर्ध्या लोकांनी त्या विमानावर फुली मारली, तीही माणसं खोकणार, तीही माझ्याकडे येणार. पण त्या भिंतीशी टोप्या काढून उभी राहिलेलीही तीच ना? जो हरणार होता त्याने जागच्या जागी उभं राहून हरणं मोजू दिलं. हे मला आधी माहीत असतं तर मी तुला अट घातलीच नसती.

आज सकाळी मंडळाच्या कागदावर सही केली. जानेवारीपासून येते. आई रडली, मग लगेच माझ्या गरम कपड्यांची काळजी करायला लागली.

एक काम कर. दवाखान्याच्या दारावर पाटी लागेल, त्यावर 'डॉ. फेवेन' एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस. बाबांचं आडनाव पूर्ण लिही, रस्त्यावरून वाचता येईल असं. ते लांब आहे, फळी मोठी बघ. आणि रंगवायचं काम टिलोलाच दे. गावात दुसरा रंगारी नाही, आणि असता तरी मी त्यालाच सांगितलं असतं.

थंडी पडेपर्यंत माया सांभाळून ठेव. मग मी समोरच आहे.

तुझी,
डॉ. फेवेन वोल्देगाब्रिएल