चढलेली नस

३ डिसेंबर
उजव्या खांद्यामागं दुखून राहिलं. काही नाही, दोन दिवसांत जाईल. पंचवीसले मुर्रीच्या टीमसंग फायनल. वीस वर्षांपासून कामठ्याच्या व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन मी, स्मॅश माराले दुसरा आहे कोण?

५ डिसेंबर
मालिशवाल्या बिसरामले दाखवलं. नस चढली म्हणते. असा रगडला का डोळ्यांत पाणी आलं. घाम होता.

८ डिसेंबर
फरक नाही. दोष दुर्गेश्वरीचा. जुनी उशी फेकली काऊन, विचारलं. म्हणते, तुम्हीच फेकली. बायकोसंग वाद घालत नाही मी.

१२ डिसेंबर
गोंदियाचे डॉक्टर. हाताले करंट देऊन तपासलं. म्हणाले, खांद्यातली नस दबली, अशी केस क्वचितच, वर्षानुवर्षं स्मॅश मारणाऱ्यांले होते. छाती फुगली. चढलेली नस दबली, म्हणजे उतरलीच! पुढं आराम, एमआरआय, काहीबाही सांगत होते. मले बस पकडायची होती.

१३ डिसेंबर
सकाळी सहापासून दोन तास प्रॅक्टिस. पुतण्या मोहित म्हणे, काका, हात सांभाळा. याले कॅप्टनकी पाहिजे. समजते मले.

१९ डिसेंबर
दुर्गेश्वरी तेल लावून देत होती. म्हणे, खांद्यामागं खड्डा पडला, तेल साचून राहते. म्हटलं, याले कट म्हणतात, जिमवाले पोरं यासाठी मरतात. ती रडाले लागली. कौतुक करता येत नाही हिले.

२३ डिसेंबर
शर्ट घालताना हात वर गेला नाही. शर्टच टाइट.

२४ डिसेंबर
दुर्गेश्वरीनं पुन्हा डॉक्टरकडे नेलं. ते चिडले, खेळत का राहिलात? म्हटलं, तुम्हीच तर म्हणाले नस दबली.
“दबली म्हणजे चेपली, देवचंदजी. उतरली नाही. तिच्यावर चालणारं मांस सुकून चाललंय, म्हणून तो खड्डा.”
ऑपरेशन लागेल. ताकद परत येईलच असं सांगता येत नाही म्हणाले. बसमध्ये त्या बिसरामचा राग येऊन राहिला. स्वतःचाही, थोडा.

२५ डिसेंबर
मोहित कॅप्टन. माझ्या हाती शिट्टी दिली, काका, पंच व्हा. मुर्रीवाल्यांनी हरकतही घेतली नाही. तेच जास्त लागलं.
शेवटचा पॉइंट आमचा, कामठ्याचा. आमची बाजू उजवीकडे, म्हणजे पंचानं उजवा हात वर करायचा. शिट्टी मारली. हात उचलला. उचललाच गेला नाही. सारं मैदान पाहून राहिलं.
मोहित जाळीजवळून आला आणि माझा हात धरून वर केला.
आम्ही जिंकलो.