शाबास न म्हणता

ता. १-२-५८, बोरी अरब
शनिवार. मारुतीला तेल वाहून आलो तर टांगेवाले करीमभाई दारात. सोबत पांढरी घोडी, पाच वर्षे वरातीत नाचलेली. त्यांचा म्हातारा घोडा दिवाळीत गेला, तेव्हापासून टांगा उभाच. ही टांग्याला लावली की दोन पायांवर उभी होते. म्हणाले, "दादा, बारा तारखेच्या बाजारापर्यंत पाहा. नाही जमलं त वरातवाल्याले वापस. तो तिले चाबकानं नाचवते." घोडे शिकवणे हेच माझे काम; देवाचे नाव घेऊन ठेवून घेतली.

ता. ३
लगाम हलकेच ओढून धरायचा. ती ताणेल तोवर तसाच. मान जराशी दिली, म्हणजे ढिली करून खाली घेतली, की त्याच क्षणी सैल. शिकवणे एवढेच. सातव्या खेपेला मान दिली. सैल सोडून "शाबास" म्हणालो. एकदम दोन पायांवर! माझी टोपी शेणात.

ता. ५
तेच. मान देते, शांत होते, मग उसळते. हात चुकतो की काय? इतक्या घोड्यांत असे कधी… करीमभाई कुंपणावरून पाहत होते. पोट धरून हसले. "अहो दादा, शाबास कायले म्हनता? वरातीत शाबास म्हटलं का नाचाचं, हेच ठाव हाय तिले!"
बिचारी हुकूम पाळत होती. मी तिलाच खोडकर म्हणत होतो.

ता. ६
तोंड बंद. हात सैल होतो तेच कौतुक. मनात नाम चालू. दुपारी लगाम दोन बोटांवर आला. खालचा ओठ लोंबवून निवांत उभी.

ता. ९
टांग्याला जुंपली. मोटार भोंगा वाजवत गेली. थरथरली. लगाम धरला, तिने मान दिली, सोडला. चालू लागली. घोडीची काळजी मिटली.

ता. ११
लगाम करीमभाईंच्या हाती दिला. ती जरा कचरली की दोन्ही हातांनी ओढतात; थांबली तरी सोडत नाहीत.
"सोडली अन् पळाली त?"
"धरून ठेवाल तर नक्की पळेल."
एकदा सोडला. घोडीने फुरफुरून मान खाली घातली. त्यांना खरे वाटेना. दुसऱ्यांदा पुन्हा उशीर केला. तिसऱ्यांदा थोडा कमी.
उद्या बाजार, सवाऱ्या दारव्ह्याला न्यायच्या. जाताना म्हणाले, "तुम्ही संग बसान न?"
नाही म्हणालो. मी बसलो तर ते घोडीच्या मानेकडे पाहणार नाहीत, माझ्याकडे पाहतील.