मूल रुळेपर्यंत

रविवार, २ जून

उद्यापासून नातीची शाळा. घरात तिला सगळे सरकार म्हणतात. हे नाव आमच्या हिने ठेवलेलं. आजवर सरकारचा दिवसभराचा मुक्काम आजीकडेच असायचा. मार्चमध्ये ही गेली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. म्हणून शाळा.

शाळेने पत्रकात कळवलंय, मूल रुळेपर्यंत घरातल्या एका माणसाला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसता येईल. सून म्हणाली, बाबा, जमेल ना तुम्हाला? म्हटलं, जन्मभर लिफ्ट तपासल्या, एका बालवर्गाचं काय घेऊन बसलीस. नवी लिफ्ट आधी काही दिवस रिकामी वर-खाली चालवतात, मग माणसं भरतात. मुलांचंही तेच तंत्र.

बुधवारपर्यंत काम फत्ते. गुरुवारी हिचं कपाट आवरायला घेणार. सरकारचे गणवेश ठेवायला सुनेला एक कप्पा हवाय. तोवर ते माझ्या खोलीतल्या आरामखुर्चीवर.

सोमवार, ३ जून

खुर्च्या बालवर्गाच्या मापाच्या. गुडघे कानाला लागतात.

व्हरांड्यात आम्ही बरेच जण. एक लॅपटॉपवाले बाबा, एक विणणारी आई, जुळ्यांची आत्या, बाकी नीट बघितले नाहीत. मी कोणाशी बोललो नाही. आत रडण्याचा एकच कल्लोळ. सरकारही दारात रडली. माझं बोट सोडेना. मी खंबीर राहिलो.

घरी आल्यावर झोप लागली. संध्याकाळी चहाचे दोन कप केले. सवय.

बुधवार, ५ जून

अंदाज थोडा चुकला. अजून दारात रडते.

मधल्या सुट्टीत बाहेर आली, बिस्कीट मोडून अर्धं मला दिलं आणि मी संपवेपर्यंत समोर उभी राहिली. तिची भूक मेली आहे. सुनेला सांगितलं. सून म्हणाली, घरी तर व्यवस्थित जेवते. आईबापांना अशा गोष्टी दिसत नाहीत.

कपाट सोमवारी.

शुक्रवार, ७ जून

लॅपटॉपवाले गेले. विणणारी आईही गेली. तिची मुलगी रुळली म्हणे. मला तरी त्या मुलीचा चेहरा उतरलेला वाटतो. लोक घाई करतात. तपासणी अर्धवट सोडली की पुढे महागात पडतं.

आज एक गंभीर गोष्ट. सरकार बाकीच्या पोरांबरोबर हसत हसत सरळ वर्गात गेली. मी बसलो. थोड्या वेळाने धावत बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, दाराला धरून रडली आणि परत आत गेली. उशिरा आलेलं रडू जास्त खोलवरचं असतं. हिला हे लगेच कळलं असतं.

रविवार, ९ जून

सुट्टी. दिवस लांब.

मुलाने विचारलं, बाबा, कपाटाला मी हात लावू का? म्हटलं, माझं मी बघतो, फक्त शाळेमुळे वेळ मिळत नाही. तो म्हणाला, आज रविवार आहे. म्हटलं, आज विश्रांती.

किल्लीला तेल घातलं. एवढं तरी झालं.

सोमवार, १० जून

सरकारने रस्त्यात विचारलं, रात्री झोप लागली का तुला? मुलं स्वतःची भीती अशी दुसऱ्याच्या तोंडून काढायला बघतात, असं मी कुठेतरी वाचलंय. म्हटलं, मला छान लागली. ती म्हणाली, मग दिवा का चालू होता?

वर्गातून तिचं हसणं ऐकू आलं. उसनं अवसान. दारात आज फक्त डोळे चोळले, पाणी आलं नाही. रडून रडून आटलं असणार.

बुधवार, १२ जून

जुळ्यांची आत्या गेली. जाताना म्हणाली, काका, आता व्हरांडा तुमच्या नावावर करून घ्या. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी गाल ओढल्यासारखे झाले.

आता मी एकटाच. शिपाई रिकाम्या खुर्च्या एकात एक घालून नेतो. मुलं त्याला मामा म्हणतात, म्हणून मीही. मामा म्हणाला, आजोबा, सगळी बॅच पुढे गेली, तुम्हीच नापास दिसता. त्याला म्हटलं, माझी काही हरकत नाही, घरी कामांचा डोंगर पडलाय, पण पोरीला सोडून जाऊ कसा? मामाने वर्गात डोकावून बघितलं. सरकार एका रडणाऱ्या मुलाला बाटलीतलं पाणी पाजत होती. स्वतःचं दुःख लपवायला माणूस दुसऱ्याची सेवा करतो.

शुक्रवार, १४ जून

गुडघे दुखतात. पाठही. घरी आरामखुर्ची आहे, पण ती हिच्या खुर्चीच्या समोर आहे.

ठरवलं: सोमवारपासून सरकारला दारात सोडून थेट घरी. कपाट, लाइटचं बिल, फिरायला जाणं, सगळं मार्गी लावायचं. रस्त्यात तिला तसं सांगितलं. दारात आल्यावर मोठ्यांदा रडली, पहिल्या दिवशीपेक्षा जोरात. बघा. मी म्हणत होतोच.

बेत रद्द.

सोमवार, १७ जून

बाईंनी मला आत बोलावलं. वर्गाच्या बाई वयाने माझ्या सुनेपेक्षा लहान. त्यांनी बसायला खुर्ची दिली, मोठी. म्हणाल्या, आजोबा, तुमची नात पहिल्याच आठवड्यात रुळली. वर्गात कधी रडत नाही, डबा संपवते, नवीन मुलांना तीच सांभाळते.

मी म्हटलं, मग दारात रोज रडते ते?

बाई म्हणाल्या, तेच मलाही कळत नव्हतं. शुक्रवारी विचारलं तिला. आता तिच्याच तोंडून ऐका.

सरकार आली. आधी बाईंकडे बघितलं, मग बुटांकडे. बाईंनी डोक्यावरून हात फिरवला तेव्हा बोलली.

"मी रडले नाही तर आजोबाला इथे बसू देणार नाहीत. मग तो घरी एकटा काय करणार? तो अजून रुळला नाहीये."

बाई खिडकीकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, अगं, मला पुष्कळ कामं आहेत. आजीचं कपाट आवरायचंय.

सरकारने विचार केला.

"मग उद्या घरी जा आणि आवर. शाळा सुटली की मी येतेच. रडू आलं तर बाईंना फोन कर."

म्हटलं, मी कशाला रडतोय?

ती म्हणाली, मी पण असंच म्हणायचे.

मंगळवार, १८ जून

सरकारला दारात सोडलं. रडली नाही. मागे वळूनही बघितलं नाही. म्हणजे एकदा बघितलं, पण मी तिथेच आहे की गेलो ते तपासायला. मामा माझी खुर्ची घेऊन गेला.

घरी आलो. कुलूप लवकर उघडेना. किल्लीला तेल घातलं होतं ते कपाटाच्या.

कपाट उघडलं. हिचा स्वेटर सगळ्यात वर. कोपराला मी शिवलेला, वाकडा. एकदाही तिने उसवून नीट केला नाही. तसाच घालायची.

थोडा वेळ पलंगावर बसलो. फोन जवळ ठेवला होता. केला नाही.

मग कामाला लागलो. मधला कप्पा रिकामा केला आणि सरकारचे गणवेश घडी घालून त्यात ठेवले. हिचे कपडे माझ्या कप्प्यात बसवले. मग माझे कपडे कुठे ठेवायचे, हा प्रश्न आला. ते खुर्चीवर ठेवले. सून आली की सांगणार, कपाट आवरलं.

आता आरामखुर्चीवर माझे कपडे आहेत. समोरच्या खुर्चीवर मी बसत नाही. म्हणजे घरात बसायला जागाच नाही. शाळा सुटायला पुष्कळ अवकाश होता, तरी निघालो आणि गेटबाहेर जाऊन उभा राहिलो.

तिथे उभं राहायला परवानगी लागत नाही.