सासऱ्यांची चिठ्ठी

गुरुवार, १४ ऑक्टोबर २०१०, एटोबिको

आज डॉक्टरकडे बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, काय रुबाब! ब्लडप्रेशरच्या गोळीचं नाव त्यांनी एका चिठ्ठीवर मराठीत तुकडे पाडून लिहिलं होतं: हाय-ड्रो-क्लोरो-थाय-झाइड. आठवडाभर पाठ करत होते. डॉक्टरांसमोर न अडखळता म्हणाले, वर स्पेलिंगही सांगितलं. डॉक्टर खूश. पण प्रेशर मात्र चढलेलंच. रोज घेता ना, असं विचारलं तर बाबा म्हणाले, "येस, एव्हरी डे."

परत निघताना चिठ्ठी गाडीत डॅशबोर्डवर टाकली आणि सीटबेल्ट लावून डुलकी काढायला लागले. मी सहज चिठ्ठी उलटली. मागे त्यांचंच अक्षर. "अर्थ: अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी. सूनबाईबरोबर गाडीतून जायचं असेल त्या दिवशी घेऊ नये."

आणि मी त्यांना रोज कुठे ना कुठे नेते! घरात एकटे कंटाळतील म्हणून!

आधी रागच आला. गाडी थांबव एवढं सांगता येऊ नये? मग वाटलं, मी तरी त्यांना सांगितलं असतं का?

चिठ्ठी होती तशी ठेवली. घरी आल्यावर चहा देताना सरळ थाप मारली. "बाबा, मला गाडीत सारखं वॉशरूमला जावं लागतं. उद्यापासून वाटेत थांबत थांबत जाऊया का?"

बाबांनी कप खाली ठेवला.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? माझ्याशी कसली लाज?"